वार, रसहरणी आणि त्रिशलामातेचा आहार

पर्युषणात भगवंतांच्या जन्मवाचनाच्या दिवशी उपाश्रयात पाय ठेवायला जागा उरत नाही. चौदा स्वप्ने उतरतात, बोली लागतात, पाळणा हलतो, श्रीफळे फुटतात. या आनंदाच्या गर्दीत कल्पसूत्रातील एक छोटा प्रसंग बहुधा ऐकायचा राहून जातो. आपल्या हालचालीने मातेला पीडा होऊ नये, म्हणून गर्भातील वर्धमान निश्चल झाले. त्रिशलामातेला वाटले, गर्भ हरपला. ती शोकात बुडाली आणि राजवाड्यातील वाद्ये थांबली. मातेचे दुःख जाणून गर्भाने शरीराचा एक भाग किंचित हलवला, तेव्हा राणीच्या जिवात जीव आला. मातापिता हयात असेपर्यंत दीक्षा घ्यायची नाही, हा संकल्प भगवंतांनी तेथेच केला, असे सूत्र सांगते. दिगंबर परंपरेत स्वप्ने सोळा मानतात आणि गर्भहरणाची कथा स्वीकारत नाहीत. परंतु गर्भातील जीव आणि माता यांच्या नात्याविषयीचा आदर दोन्हीकडे सारखाच आहे.

या प्रसंगापाठोपाठ सूत्रकार कशाकडे वळतात, हे लक्षपूर्वक पाहण्यासारखे आहे. ते वळतात मातेच्या ताटाकडे. त्रिशलामाता अति थंड नव्हे, अति उष्ण नव्हे, अति तिखट, कडू, तुरट, आंबट वा गोड नव्हे, असे ऋतूला साजेसे आणि गर्भाला हितकर अन्न घेत असे. शोक, भय आणि अति श्रम यांपासून ती दूर राहत असे. तीर्थंकराच्या मातेने गर्भारपणात काय खाल्ले, याची नोंद ठेवणे शास्त्रकारांना गौण वाटले नाही. घराघरांत मात्र हा भाग स्वप्नांच्या बोलीइतका पोचलेला दिसत नाही.

भगवतीसूत्राच्या पहिल्या शतकातील सातव्या उद्देशकात गौतमस्वामींचे प्रश्न आहेत. गर्भातील जीव तोंडाने घास घेतो काय? त्याला मलमूत्र असते काय? भगवंतांचे उत्तर असे की तो मुखाने आहार घेत नाही, सर्व शरीराने घेतो. मातेच्या जिवाला बांधलेली आणि पुत्राच्या जिवाला स्पर्श करणारी एक रसहरणी असते. तिच्याद्वारे तो आहार घेतो. दुसरी पुत्राच्या जिवाला बांधलेली आणि मातेच्या जिवाला स्पर्श करणारी असते. तिच्याद्वारे तो शरीर वाढवतो. मांस, रक्त आणि मेंदू ही मातेकडून आलेली अंगे, असेही तेथे सांगितले आहे. तंदुलवैचारिक या प्रकीर्णकात गर्भवासाचा काळ 277½ अहोरात्र दिला आहे. कल्पसूत्रातील नऊ महिने साडेसात दिवस, महिन्याचे तीस दिवस धरले तर, नेमके तेवढेच भरतात. आजचे वैद्यक शेवटच्या पाळीपासून 280 दिवस मोजते.

आधुनिक विज्ञान सगळे आपल्या आगमांत आधीच होते, असा दावा व्याख्यानांतून अनेकदा कानी पडतो. तो करण्याची आवश्यकता नाही. सूक्ष्मदर्शक यंत्र हाताशी नसताना केलेले ते चिंतन आहे आणि त्याचा हेतू वैराग्याचा आहे, प्रसूतिशास्त्राचा नव्हे. तरीही ‘एकाला बांधलेली, दुसऱ्याला स्पर्श करणारी’ हे शब्द ज्या अवयवापाशी मनात येतात तो अवयव खरोखर आहे. मराठीत त्याला वार म्हणतात. वैद्यकाच्या पुस्तकांत अपरा हा शब्द आढळतो.

आधी गर्भाशय पाहू. गर्भ नसताना ते उलट्या धरलेल्या लहानशा पेरूएवढे असते. लांबी साडेसात सेंटिमीटरच्या आसपास, वजन साधारण साठ-सत्तर ग्रॅम, आणि आतील पोकळीत दोन चमचे पाणी मावणेही कठीण. नऊ महिने भरताना त्याच गर्भाशयाचे वजन एक किलोपर्यंत जाते आणि त्यात बाळ, पाणी व वार मिळून पाच लिटरच्या आसपास ऐवज सामावतो. हे घडते ते मुख्यतः असलेलेच स्नायुतंतू लांब आणि जाड होऊन. एरवी दर मिनिटाला पन्नास मिलिलिटरच्या आसपास रक्त घेणारा हा अवयव अखेरच्या आठवड्यांत मिनिटाला पाचशे ते सातशे मिलिलिटर रक्त घेऊ लागतो. मातेच्या हृदयावर केवढा भार पडत असेल, हे या एका आकड्यावरून कळावे.

फलित बीज सहाव्या-सातव्या दिवशी गर्भाशयाच्या अस्तराला चिकटते. त्या वेळी त्याचे दोन भाग झालेले असतात. आतल्या पेशींच्या पुंजक्यातून बाळ घडते आणि बाहेरच्या थरातून वार. म्हणजे वार ही मातेने बाळासाठी बांधलेली खोली नव्हे. ती मुख्यतः बाळाच्याच बीजातून घडलेली, बाळाचीच असते. मातेच्या अस्तराचा तिला आधार मिळतो. हा थर स्थिरावताच एक संप्रेरक सोडतो. तोच संदेश मातेच्या बीजकोशाला पोचतो आणि पाळी थांबते. घरी केल्या जाणाऱ्या गर्भचाचणीच्या पट्टीवर दिसणारी दुसरी रेघ त्याचीच. पहिल्या काही आठवड्यांत गर्भ टिकवणारे प्रोजेस्टेरॉन बीजकोशातून येते, पुढे ते काम वार स्वतःकडे घेते.

यानंतर वार जे करते ते विलक्षण आहे. तिच्या पेशी गर्भाशयाच्या भिंतीतील नागमोडी रोहिण्यांत शिरतात आणि त्यांचे स्नायूंचे आवरण काढून टाकून त्यांना रुंद, सैल करतात. मातेचे शरीर घाबरले, थकले किंवा थंडीने आक्रसले, तरी या रोहिण्या आता सहजासहजी आवळल्या जात नाहीत. बाळाचा पुरवठा मातेच्या क्षणोक्षणीच्या चढउतारांपासून बराचसा सुरक्षित होतो. हे रुंदीकरण अपुरे राहिले तर पुढे रक्तदाब वाढतो, लघवीतून प्रथिने जातात, बाळाची वाढ खुंटते. पाचव्या महिन्यानंतर दिसणाऱ्या या विकाराचे बीज पहिल्या चार महिन्यांतच पडलेले असते. तपासणीला ‘अजून वेळ आहे’ म्हणणाऱ्या घरांनी हे ध्यानात घेतलेले बरे.

रुंद झालेल्या रोहिण्यांतून मातेचे रक्त वारेतील पोकळीत येते. तेथे बाळाच्या रक्तवाहिन्यांनी भरलेले असंख्य बारीक अंकुर त्या रक्तात न्हात असतात. पूर्ण वाढलेल्या वारेचे वजन अर्धा किलो, व्यास वीस-बावीस सेंटिमीटर, आणि या सर्व अंकुरांचा पृष्ठभाग पसरला तर बारा-चौदा चौरस मीटर, म्हणजे एका खोलीची जमीन व्यापेल एवढा. माता आणि बाळ यांचे रक्त सर्वसाधारणपणे मिसळत नाही. मध्ये एक पातळ पडदा असतो आणि सारी देवघेव त्याच्या आरपार होते.

भोर तालुक्यातील आंबवडे येथे नागेश्वराच्या मंदिराकडे जाताना ओढ्यावर भोर संस्थानच्या काळातला झुलता पूल लागतो. कान्होजी जेधे आणि जिवा महाला यांच्या समाध्यांमुळे हे गाव इतिहासप्रेमींना परिचित आहे. त्या पुलावरून माणसे ये-जा करतात, ओझी इकडून तिकडे जातात, परंतु एक काठ दुसऱ्या काठात मिसळत नाही. वारेची कल्पना करण्यासाठी हे चित्र सोयीचे आहे. फरक एवढाच की वारेच्या पुलावर प्रत्येक प्रवाशासाठी निराळा नियम आहे. प्राणवायू आपोआप पलीकडे जातो, आणि बाळाचे हिमोग्लोबिन निराळ्या घडणीचे असल्याने ते त्याला अधिक घट्ट धरते. साखरेला वाहक प्रथिने पार नेतात. प्रथिनांचे घटक आणि लोह यांना वार स्वतः शक्ती खर्चून ओढून घेते. रोगांशी लढणारी मातेची काही प्रतिद्रव्ये विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत पाठवली जातात. वेळेआधी जन्मलेले बाळ या शिदोरीला मुकते.

गर्भाशय नेमके काय पुरवते आणि वार नेमके काय मागते, हे निराळे करून दाखवणारी एक घटना पुण्यातच घडली. 18 मे 2017 रोजी गॅलेक्सी केअर रुग्णालयात डॉ. शैलेश पुणतांबेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतातील पहिले गर्भाशय प्रत्यारोपण केले. जन्मतः गर्भाशय नसलेल्या सोलापूरच्या एका तरुणीला तिच्या आईने आपले गर्भाशय दिले. लगोलग गुजरातमधील एका महिलेवर अशीच शस्त्रक्रिया झाली. दात्री तिचीही आईच. 18 ऑक्टोबर 2018 रोजी या दुसऱ्या महिलेला त्याच रुग्णालयात कन्या झाली. बाळ पूर्ण दिवसांआधी, शस्त्रक्रियेने जन्मले आणि त्याचे वजन सुमारे 1450 ग्रॅम होते. ज्या गर्भाशयात ती माता स्वतः वाढली होती, त्याच गर्भाशयात तिची मुलगी वाढली. जगात असे पहिले बाळ त्यापूर्वी 2014 मध्ये स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे जन्मले होते आणि तेथील दात्री एकसष्ट वर्षांची, पाळी थांबलेली महिला होती.

या शस्त्रक्रियेत रक्तवाहिन्या जोडतात, मज्जातंतू जोडत नाहीत. बीजवाहिन्याही जोडलेल्या नसल्याने गर्भ प्रयोगशाळेत तयार करून आत ठेवावा लागतो. प्रसववेदनेवर भिस्त ठेवता येत नाही, म्हणून प्रसूती शस्त्रक्रियेनेच करतात. एवढे असूनही वार रुजते, रोहिण्या रुंद होतात, बाळ वाढते. मातेशी मज्जातंतूंचे नाते तुटलेले, वयाने उतरलेले, दुसऱ्याचे गर्भाशयही चालते. लागते ते रक्त, आणि त्या रक्तात जे असायला हवे ते.

दुसरी गोष्ट याहून नवलाची. आपल्या सख्ख्या आईचे गर्भाशयसुद्धा शरीर परके समजून नाकारू पाहते. ते टिकवण्यासाठी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे रोज घ्यावी लागतात आणि मुले झाल्यावर ते गर्भाशय काढून टाकतात, म्हणजे औषधे थांबवता येतात. बाळही अर्धे परकेच असते, कारण त्याचे निम्मे गुण पित्याचे असतात. त्याला मात्र मातेचे शरीर औषधावाचून नऊ महिने ठेवून घेते. वारेच्या पेशी परकेपणाच्या नेहमीच्या खुणा बाहेर दाखवत नाहीत आणि मातेच्या रक्षक पेशींना शांत ठेवणाऱ्या वेगळ्या खुणा दाखवतात. अहिंसेचा इतका मूलभूत करार शरीरात अन्यत्र क्वचितच सापडेल.

गर्भाशय प्रत्यारोपण लाखांत एखादीच्या वाट्याला येते. मातेच्या रक्तात काय असावे, हा प्रश्न मात्र प्रत्येक घराचा आहे, आणि त्याविषयीचे मोठे कामही पुण्याच्याच आसमंतात झाले. के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील मातांचा अभ्यास केला. गर्भधारणेपूर्वी या स्त्रियांचे सरासरी वजन 42 किलोच्या आसपास होते. बाळांचे सरासरी वजन सुमारे 2.7 किलो भरले. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे सुमारे 3.5 किलो होते. आहारातील एकूण उष्मांक किती, यापेक्षा दूध, हिरव्या पालेभाज्या आणि फळे किती वेळा खाल्ली, याचा बाळाच्या वाढीशी अधिक स्पष्ट संबंध दिसला. शेतातील आणि घरातील कष्ट जितके अधिक, तितके बाळ लहान, असेही आढळले.

आंबवडे त्या सहा गावांत नव्हते. पण हे निष्कर्ष भोरच्या मावळपट्ट्याला परके वाटणार नाहीत. तेथे आषाढ-श्रावणात भातलावणी असते. गुडघाभर चिखलात, भर पावसात, दिवसभर वाकून रोपे लावण्याचे काम बहुतांशी स्त्रिया करतात, आणि पोटात पाच-सहा महिन्यांचे मूल आहे म्हणून लावणी थांबत नाही. शेतमालक, व्यापारी आणि सावकार यांच्या घरांतून या स्त्रियांना सुट्टी मिळाली, हलके काम मिळाले, मजुरी न कापता मिळाली, तर ती करुणा त्रिशलामातेच्या कथेला शोभेल.

मिश्रीचेही असेच. भाजलेल्या तंबाखूची पूड दातांना लावण्याची सवय ग्रामीण महाराष्ट्रात स्त्रियांत खोलवर रुजलेली आहे आणि तिला व्यसन मानले जात नाही. वार निकोटिनला अडवत नाही. मुंबईतील 1217 गर्भवतींचा एक अभ्यास 2004 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. धूरविरहित तंबाखू, त्यात मुख्यतः मिश्री, वापरणाऱ्या मातांची बाळे सरासरी 105 ग्रॅमने हलकी भरली. वार सर्व वाईट गोष्टी गाळून घेते, हा समज चुकीचा आहे. दारू, धुरातील विषारी वायू आणि कित्येक औषधे तिच्यातून सहज पार होतात.

आता जैन घरांकडे. याज्ञिकांच्या अभ्यासात दोनतृतीयांश मातांच्या रक्तात बी-12 जीवनसत्त्व कमी आढळले. हे जीवनसत्त्व वनस्पतिजन्य अन्नातून भरवशाने मिळत नाही. शाकाहारी माणसाचा आधार म्हणजे दूध, दही, ताक. अलीकडे काही तरुण मंडळी अहिंसेच्या विचारानेच दूधही सोडतात. त्या विचाराचा मान राखूनही असे म्हणावे लागते की गर्भवतीने तसे करताना डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी घेतलीच पाहिजे. कंदमुळांच्या त्यागाने गर्भाचे काही बिघडत नाही. चातुर्मासात पालेभाजी बंद होते तेव्हा मात्र डाळी, नाचणी, राजगिरा, दूध आणि फळे यांनी ती जागा विचारपूर्वक भरावी लागते. लोह आणि फोलिक आम्लाच्या गोळ्या सरकारी आरोग्य केंद्रांत 180 दिवसांसाठी विनामूल्य मिळतात. त्या चहाबरोबर घेऊ नयेत, लिंबू मात्र चालते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील निम्म्याहून अधिक गर्भवतींना पंडुरोग आढळला. मातेच्या शरीरात लोह कमी असले तरी वार आपला हिस्सा आधी उचलते. त्यामुळे बाळ ठीक दिसते आणि मातेची शिल्लक संपत जाते. प्रसूतीच्या वेळी रक्त गेले की मग ती तूट उघडी पडते.

आणि उपवास. अठ्ठाई, उपधान, वर्षीतप यांविषयी समाजात जो आदर आहे तो योग्यच आहे. परंतु गर्भवतीचे शरीर उपाशीपोटी इतरांच्या मानाने फार लवकर साखर गमावते आणि चरबी जाळू लागते, कारण पलीकडून बाळाची मागणी चालूच असते. एकटीने केलेला तो उपवास राहत नाही. सासूबाईंनी ‘आमच्या वेळी आम्ही केले’ असे म्हटल्यावर सुनेला नाही म्हणणे कठीण जाते. अशा वेळी साधू-साध्वीजींकडे जाऊन मोकळेपणाने विचारावे. तप म्हणजे केवळ उपवास नव्हे. ऊणोदरी, रसत्याग ही बाह्य तपे गर्भवतीला पेलणार नाहीत. परंतु स्वाध्याय, विनय, वैयावृत्त्य ही अंतरंग तपे आहेत आणि त्यांना पोट रिकामे लागत नाही. वैयावृत्त्य तर घरातल्या इतरांनी तिच्यासाठी करण्याजोगे तप आहे.

पाचव्या महिन्यातील सोनोग्राफी वार कोठे आहे हे दाखवते. मुलगा की मुलगी हे विचारण्यासाठी ती नाही. तो 1994 च्या कायद्याने गुन्हा आहे. वार गर्भाशयाच्या तोंडावर असेल तर अचानक, वेदनेवाचून रक्तस्राव होऊ शकतो. बहुतेकींची वार गर्भाशय वाढत जाते तशी वर सरकते, काहींची सरकत नाही. मिनिटाला सहाशे मिलिलिटर रक्त वाहून नेणाऱ्या जागेतून स्राव सुरू झाला तर हाताशी किती वेळ उरतो, याचा हिशेब कोणालाही करता येईल. आंबवड्याहून भोर आणि भोरहून पुणे हे पन्नास किलोमीटरहून अधिक अंतर आहे. म्हणून वार खाली असल्याचे कळलेल्या स्त्रीने शेवटचे आठवडे शस्त्रक्रियेची आणि रक्ताची सोय असलेल्या ठिकाणाजवळ, नातलगांकडे वा अन्यत्र, काढावेत. गावात अशी व्यवस्था नसलेल्या कुटुंबांसाठी शहरातील संघांच्या धर्मशाळांतून एखादी खोली राखून ठेवता आली तर उत्तम. बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटली तर उद्यावर न टाकता त्याच दिवशी दवाखाना गाठावा. त्रिशलामातेला ती निश्चलता ताबडतोब जाणवली होती.

बाळ जन्मल्यावर काही मिनिटांत वार सुटते. तिच्या मागे उघड्या राहिलेल्या रोहिण्यांभोवती गर्भाशयाचे स्नायू आवळतात आणि रक्त थांबते. वार पूर्ण बाहेर आली की नाही, हे पसरून पाहणे प्रसूती करणाऱ्याचे काम आहे, कारण एखादा तुकडा आत राहिला तरी स्नायू नीट आवळत नाहीत. पूर्वी ती अंगणात खोल पुरत, त्यावर दगड ठेवत. आता रुग्णालय तिची विल्हेवाट लावते. नाळ मात्र लगेच कापू नये. बाळ सुखरूप रडत असेल तर निदान एक मिनिट थांबावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तेवढ्या अवधीत वारेत उरलेले बाळाचेच रक्त त्याच्याकडे परत जाते आणि पुढच्या कित्येक महिन्यांना पुरेल असे लोह त्याला मिळते. प्रसूतीपूर्वी डॉक्टरांना याविषयी विचारून ठेवता येते.